डावी बिजागरी शबानाची

युनूसचाचांकडे लॅपटॉप दुरुस्त होतो, पण लगेच हातात मिळेलच असं नाही. आधी परीक्षा द्यावी लागते. दुरुस्त लॅपटॉप ते तुमच्यापुढे ठेवतात आणि म्हणतात, "उघडा." तुम्ही एका कोपऱ्याला धरून ओढलात की संपलं. "शटर हाय का ते? मधी धरा, हळू. आता उद्या या." लॅपटॉप परत त्यांच्या फळीवर.

मी शेवगावच्या शाळेत सव्वीस वर्षं मुलांना नापास करत आलोय. चाचांनी मला दोनदा नापास केलं.

चाचा पूर्वी लोखंडी पेट्या बनवायचे. पेट्यांचं गिऱ्हाईक आटलं तसे ते लॅपटॉपकडे वळले. आतल्या यंत्राला मात्र हात लावत नाहीत. "डोक्याचं काम दुसरीकडं न्या, आपन फक्त हाडं बसवतो." जाम झालेल्या बिजागरीवर माणूस जोर लावतो, ती हलत नाही आणि बिचारं कव्हर तडकतं. चाचा बिजागरी सैल करतात, उपटलेले पितळी नट दोन नळ्यांचा गोंद कालवून बसवतात आणि वर चिमटा लावून दिवसभर ठेवून देतात. घाई केलीत तर ऐकवतात, "मोडल्याला हात पलस्तरात ठिवता का न्हाई? मग!"

अशा माणसाचा स्वतःचा लॅपटॉप वर्षातून दोनदा मोडतो. नेमका दोन्ही ईदच्या तोंडावर, आणि नेमकी डावी बाजू. पडदा चहाच्या डब्याला टेकवलेला असतो.

"चाचा, शिंप्याचाच सदरा फाटका?" मी चिडवायचो.

"डावी बाजू शबानाची हाय. तिचा हात बसलाय तिच्यावर."

शबाना ही त्यांची एकुलती एक मुलगी, माझी विद्यार्थिनी. बापाशेजारी बसून ती हे काम शिकली. आता राहात्याला सासरी असते. ईदला आली की आधी ती बिजागरी बसवते आणि चाचा शेजारी बसून चुका काढतात. "गोंद कमी लावलास. कितींदा सांगू, कमी पडतो!" एरवी चाचा इतके खूश कधी दिसत नाहीत.

यंदा ईदच्या आठवडाभर आधी मी दुकानात शिरलो तर चाचा आपल्याच लॅपटॉपच्या डाव्या कडेत स्क्रूड्रायव्हर घालून जोर लावत होते. कट्ट आवाज झाला. मला पाहून ते दचकले. एवढ्यात शबानाचा फोन आला. नातीची परीक्षा होती, यंदा येणं जमणार नव्हतं.

"अगं, पन लॅपटॉप मोडलाय," चाचा म्हणाले.

पलीकडून जावयाचा आवाज मलाही ऐकू आला. "अब्बा, दुकानात टाका ना!"

मला हसू फुटलं. चाचा हसले नाहीत. "बरं, बरं," म्हणत त्यांनी फोन ठेवला आणि उपटलेला नट उगाच पुसत बसले. मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

घरी येऊन मी शबानाला फोन लावला. चाचांची चहाडी करावी लागली, पण केली. "शबाना, तो लॅपटॉप आपोआप मोडत नाही गं."

"मला माहीत हाय, सर. आपोआप तुटलं की चिरा जात्यात. अब्बांच्या प्लॅस्टिकला दर वेळी स्क्रूड्रायव्हरची खाच असती."

"मग बोलली नाहीस कधी?"

"परीक्षा संपली की त्याच दिवशी येते. अब्बांना तसं कळवते. पन खाचेचं मला ठावं हाय, हे सांगू नका."

"नाही सांगत. पण एक विचारू? चाचा इतकं बोलतात तरी गोंद कमी का लावतेस?"

"अब्बांची बोटं दुखत्यात आता, सर. तोडताना लई जोर लागायला नको."