स्वातंत्र्यदेवीची टोपी

राज्यात जे शिल्लक नसेल ते चांदीवर कोरून घ्यावं, हा रोमच्या टांकसाळीचा थोर नियम आहे. बावीस वर्षं मी इथे नाण्यांवर घण मारतोय; नियम एकदाही चुकलेला नाही.

सीमेवर शिपायांनी सेनापतीला भोसकलं, की आठवड्याभरात आमच्याकडे हुकूम येतो: ‘सैन्याची निष्ठा’, हातात हात. गव्हाची जहाजं बुडाली, की समृद्धीदेवी, कणसांसकट. (त्या वर्षी देवी इतकी गुबगुबीत निघाली, की धान्याच्या रांगेतल्या बायका तिला शिव्या घालायच्या.) एका सम्राटाच्या नाण्यावर ‘चिरंतन’ असं कोरलं, तो अकरा दिवस टिकला, साचा पंधरा. लोकही आता तयार झालेत. हातात ‘शांती’चं नाणं पडलं, की आमच्या गल्लीतला पाववाला मुकाट्याने दुकानाला फळ्या लावतो.

एपाफ्रास आमचा साचे कोरणारा. गुलाम, पण हात देवाचा. (गुलाम मीही आहे, पण माझा हात घणाचा.) येत्या शनीच्या उत्सवात त्याला मुक्त करायचं वरून कबूल झालं होतं. सुटलेल्या गुलामाने घालायची लोकरीची टोपी त्याच्या बायकोने, ख्रेस्तेने, आधीच शिवून दिली होती. दिवसातून चारदा तो ती घालून बघायचा आणि मुकादम आला की बुडाखाली दडपायचा.

गेल्या महिन्यात मुकादम ओप्तातुस हसत हसत आला.

“एपाफ्रास, नशीब काढलंस लेका. नवीन देवी आहे.”

“कोणती?”

“स्वातंत्र्यदेवी. हातात सुटकेची टोपी.”

सगळे घण थांबले. एपाफ्रासने छिन्नी खाली ठेवली.

“समृद्धी नाही का चालणार, मुकादम? कणसं वाढवून देतो.”

“वरचा हुकूम आहे. आणि हो, तुझ्या सुटकेचं जरा लांबलंय. इतका सुबक हात सोडायचा कसा, असं वरचे म्हणतात. तुझं कौतुकच आहे ते.”

एपाफ्रासने बुडाखालून टोपी काढली, झटकली, समोर ठेवली आणि बघून बघून कोरली. ख्रेस्तेचा टाका न् टाका साच्यात उतरला. इतकी देखणी स्वातंत्र्यदेवी रोमने पाहिली नव्हती. मला फार वाईट वाटलं. चाळीस हजार नाणी ठोकली, तोवर वाटतच होतं.

तुम्ही हसताय, हसा. तुमच्याकडे असलं काही नसणारच. तरी एकदा खिशातलं नाणं काढा आणि त्यावर कोणतं वचन कोरलंय ते नीट वाचा. वाचून झालं, की पाव लगेच आणून ठेवा.