वाटाणा तिसऱ्या दिवशी उगवतो

ज्या गोष्टीची खात्री आहे ती तपासत बसणे हा वेळेचा अपव्यय होय. आमच्या प्राथमिक शाळेतला ऐच्छिक विज्ञान हा विषय याच पायावर उभा आहे. (ऐच्छिक म्हणजे मुलांच्या इच्छेचा. शिकवणाऱ्याची इच्छा कोणी विचारलेली नाही.) विषय-समितीचा सचिव या नात्याने मी अभिमानाने सांगतो, की गेली अकरा वर्षे आमचा निकाल शंभर टक्के आहे. एका टक्क्याने जरी घसरला, तरी नियमाप्रमाणे विषय बंद.

तो शिकवायला गायनाच्या बाई आहेत. गुरुवारी चौथा तास त्यांनाच मोकळा असतो, एवढी पात्रता पुरे. साहित्य: बशा बारा, कापसाची गुंडाळी एक, भिंग एक (कपाटात, किल्ली हरवल्यामुळे अत्यंत सुरक्षित) आणि वाटाणे अर्धा किलो. आमचे भांडारपाल डोळ्यांत तेल घालून साठा जपतात. कीड लागू नये म्हणून ते वाटाणे आधी खमंग भाजून घेतात, मगच डब्यात भरतात.

हे वाटाणे मुले ओल्या कापसावर ठेवतात आणि पुस्तकात पाहून वहीत लिहितात, ‘तिसऱ्या दिवशी मोड आला.’ यंदाही बत्तीस जणांनी तसेच लिहिले. तेहेतिसाव्या वहीत एका चष्मेवालीने लिहिले, ‘मोड आला नाही. वास मात्र छान येतो.’

निकाल सत्त्याण्णव टक्क्यांवर आला. बाईंनी कच्च्या वाटाण्यांसाठी अर्ज केला. त्याला वाटाण्याच्या अक्षता मिळाल्या. मग त्यांनी घरून चार दाणे आणले. चष्मेवाली रोज मधल्या सुट्टीत डबा मांडीवर घेऊन बशीपाशी बसू लागली.

पाचव्या दिवशी ती ओरडली, “बाई, आला! खरंच आला!”

बाईंचे डोळे भरून आले. खोटे कशाला बोलू, मीही बशीत डोकावायला वाकलो. पण मी लगेच सावरलो. पुस्तकात तिसरा दिवस आहे.

मुलीच्या वडिलांना बोलावले. ते समजूतदार निघाले. “अगं, बत्तीस जणांना तिसऱ्या दिवशी दिसला. तुलाच काय धाड भरली?”

“पण बाबा, त्यांनी बघितलंच नाही.”

“पोरीनं डोळ्यांनी बघून लिहिलंय, सर,” बाई म्हणाल्या. “तिला नापास कशी करू?”

नापास कशाला? आम्ही काही निर्दय नाही. तिचा विषय बदलून तिला सुलेखन दिले. निकाल पुन्हा शंभर टक्के झाला. सुलेखनात ती आता एकच ओळ रोज वीस वेळा गिरवते: ‘तिसऱ्या दिवशी मोड आला.’ अक्षर मोत्यासारखे आहे. बाई हल्ली फक्त गाणे शिकवतात, तेही जरा खालच्या पट्टीत.

हे वाचून ज्यांना हसू आले असेल त्यांनी आपली शाळेतली वही आठवावी. मोड कितव्या दिवशी आला होता? आणि बशीत डोकावल्याचे आठवते का? नसेल आठवत, तर अभिनंदन. आमच्या शंभर टक्क्यांत तुम्हीही आहात.