बंडूराव, पाय उचला

आमच्या शेजारचे ढोबळे काका त्यांच्या कुत्र्याला अहो-जाहो करतात. लाडानं नव्हे आणि थट्टेनं तर नव्हेच. पोटच्या पोरांना 'अबे गधड्या' म्हणत वाढवणारा हा माणूस बरगीच्या रस्त्यावर सापडलेल्या एका मातकट कुत्र्याला 'बंडूराव, जेवून घ्या' म्हणतो, तेव्हा नवीन दूधवाला घरात पाहुणे आलेत का म्हणून आत डोकावून पाहतो.

काका फॅक्टरीत फिटर होते. निवृत्त झाले तरी हातातली टेप सुटली नाही. खिडकीचा पडदा असो की पोळीचा डबा, आधी मोजणार, मग मान हलवून म्हणणार, "काम बारीक आहे." चहा गाळणं हेसुद्धा त्यांच्या मते बारीक काम आहे, आणि ते आमच्या जबलपुरात कोणालाच जमत नाही.

बंगलोरच्या नातीनं एकदा त्यांना फोनवर एक व्हिडिओ पाठवला. त्यात कुत्रे दांड्यांवरून उड्या मारत होते, बोगद्यातून पळत होते, एका ओळीत रोवलेल्या काठ्यांमधून नागमोडी निघत होते आणि त्यांचे मालक शेजारून धावत होते. याला अ‍ॅजिलिटी म्हणतात, हा मोठा खेळ आहे, असं तिनं हिंदीतून समजावलं. या नातीला मराठी सगळं कळतं, बोलता मात्र येत नाही. बंडूरावांचंही तसंच आहे, असं काका म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या फाटकाशी हजर.

"वैशू, हे तर फिटिंगचं काम आहे."

मग कॉलनीच्या मैदानावर ठोकाठोक सुरू झाली. मच्छरदाणीच्या दांड्यांचे अडथळे झाले. बूड कापलेले निळे ड्रम एकाला एक जोडून बोगदा झाला. डुगडुगत्या पुलासाठी लांब फळी हवी होती, ती त्यांच्या शेडमधून निघाली. आमच्या गणपतीच्या स्टेजची फळी. एके काळी या कॉलनीत ओळीनं मराठी घरं होती. अमरावतीची, वर्ध्याची, भंडाऱ्याची. गणपतीत नाटकं व्हायची, कोजागिरीला याच मैदानावर चुलीवर दूध आटायचं आणि ते करपलं म्हणून सगळ्या काकू एकमेकींना बोल लावायच्या. मग कोणी पुण्याला गेलं, कोणी नागपूरला, घरं विकली गेली आणि मंडळाचं सामान काकांकडे येऊन पडलं. ज्या फळीवर मी सहावीत असताना राजकन्या होऊन उभी राहिले आणि संवाद विसरले, तिच्यावर आता बंडूराव चालणार होते. मला थोडा राग आला, पण खरं सांगायचं तर ती फळी पुन्हा उन्हात आलेली पाहून बरंही वाटलं.

काकांची शिकवण्याची पद्धत सरळ होती. आधी आपण करायचं, मग कुत्र्याला सांगायचं. ते ताडमाड उंच, ड्रम बेताचे. पहिल्याच दिवशी ते बोगद्यात कमरेपर्यंत गेले आणि अडकले. मी आणि दूधवाल्यानं पाय धरून बाहेर ओढलं. बंडूराव शेजारी बसून हे सगळं शांतपणे पाहत होते. नंतर उकडलेल्या अंड्याच्या तुकड्यांवर ते सगळं शिकले, पण हुकूम मात्र या खेळात जगात कोणी दिले नसतील असे. अडथळा आला की "पाय उचला, पाय उचला." बोगदा आला की "वाकून या, डोक्याला लागेल." काठ्यांमधून जाताना "कडेकडेनं या, आत्ताच पुसलंय." आणि पुलावर "दमानं घ्या, कोणी मागं लागलं नाही."

लोक हसायचे. मला हसू आलं नाही, कारण काकांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत आहे आणि ही वाक्यं मी लहानपणापासून ऐकत आले होते. ती सुमनकाकूंची होती. काका चपला फरफटवत चालायचे, स्वयंपाकघराच्या चौकटीला कपाळ आपटायचे, ओल्या फरशीवर पावलं उमटवत जायचे, आणि काकूंचा आवाज दिवसभर त्यांच्या मागे असायचा. काकूंना जाऊन दोन वर्षं होत आली होती.

तेवढ्यात शहरात हिवाळ्यातला डॉग शो जाहीर झाला आणि त्यात अ‍ॅजिलिटीही होती. काकांना बक्षीस पाहिजे होतं. त्यांना नातीला बक्षिसाचा फोटो पाठवायचा होता. कुत्र्यांना शिकवणारी निधी नावाची मुलगी आमच्या मैदानावर येऊ लागली. तिनं एकदा पाहिलं आणि सांगितलं, "अंकल, ये आपके शब्द नहीं सुन रहा, आपके कंधे और पैर देख रहा है. आप बोलते हो तो रुककर आपका मुँह देखता है. आप चुप रहिए, ये जीत जाएगा."

काका चूप राहिले. फिटरला शिस्त कळते. बंडूराव खरंच वाऱ्यासारखे पळाले, निधीनं टाळ्या वाजवल्या. सवय मोडायची म्हणून काका घरीही चूप राहू लागले. भिंतीपलीकडून मला कुकरची शिटी आणि टीव्हीवरच्या बातम्या, एवढंच ऐकू येऊ लागलं. ती शांतता मला अजिबात आवडली नाही.

शोच्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून उतरले. आजूबाजूला चकाकणारे लॅब्राडोर, मधे आमचे बंडूराव. शिटी झाली. काका न बोलता धावले आणि पहिले अडथळे सुरेख पार झाले. बोगद्यापाशी काका थबकले आणि भर मैदानात मोठ्यानं म्हणाले, "वाकून या, डोक्याला लागेल." मग थांबलेच नाहीत. पाय उचला, कडेकडेनं या, दमानं घ्या. बंडूराव प्रत्येक वाक्याला वळून त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले, काठ्या चुकल्या आणि पंचांनी दोघांना बाहेर काढलं. निधीनं कपाळाला हात लावला.

संध्याकाळी ई-रिक्षातून परतताना मी त्यांना विचारलं, "काका, जिंकून राहिले होते ना. मग बोलले काहून?"

ते बंडूरावांच्या पाठीवरून हात फिरवू लागले.

"चूप होतो ना, वैशू, तर या दिवसांत तिचं एक वाक्य गेलं. मी रात्री दार लावायला उठलो की आतून म्हणायची काहीतरी. रोज म्हणायची. आता किती आठवून राहिलो, येतच नाही. एक गेलं तर गेलं. बाकीची नाही जाऊ द्यायची मला."

रिक्षा आमच्या गल्लीत वळली. मला मात्र भिंतीपलीकडून ऐकून ऐकून ते वाक्य येत होतं.

"वरची कडी लावा," मी म्हटलं, "खालची सरकते."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. रिक्षातून उतरले, बंडूरावांना घेऊन घरात गेले. मी आमच्या फाटकाशी उभी राहिले. पलीकडे दार लागलं, कडी वाजली, आणि काका हळू आवाजात कुत्र्याला ते वाक्य सांगत असल्याचं मला ऐकू आलं.