न रुसलेला ईवाई

वर्तमानपत्रात मत कसं लिहावं हे शिकायला रूपराव नरहर मास्तरांकडे जाऊ लागले, तेव्हा त्यांच्याजवळ पेन होतं, ताव होते, आणि देवळीच्या पंचायत समितीत कारकुनी केल्यामुळे अक्षरही वळणदार होतं. नव्हतं ते फक्त मत. नरहर मास्तर वर्ध्याच्या एका साप्ताहिकात दर आठवड्याला कोणाची तरी सालं काढायचे, म्हणून तालुक्यात त्यांना मान होता. तसाच मान रूपरावांना हवा होता.

पहिला लेख मास्तरांनी वाचला आणि परत केला. त्यात 'योग्य ती कार्यवाही व्हावी' हे इतक्यांदा आलं होतं की खाली फक्त शिक्का मारायचा राहिला होता.

"रूपराव, हा अर्ज झाला," मास्तर म्हणाले. "मत कोनाले तरी झोंबलं पाह्यजे. ज्याचा सगळ्याईले तरास हाय, पन कोनी बोलत नाई, असं काही धरा. अन् एकदा धरलं का मरेपर्यंत सोडू नका."

रूपरावांना विषय वाटेतच सापडला. गेल्याच आठवड्यात एका लग्नात नवरदेवाचा बाप भज्यांवरून रुसून बसला होता आणि त्याला मनवता मनवता अख्खं वऱ्हाड उपाशी राहिलं होतं. उपाशांत रूपरावही होते, त्यामुळे लेखाला धार आपोआप आली. 'नवरदेवाच्या बापांनो, रुसणे सोडा!' असा मथळा दिला आणि खाली ठणकावलं, 'चहात साखर कमी पडली म्हणून ज्याचा मान जातो, त्याच्याजवळ मान मुळात होता तरी किती?' या वाक्यावर मास्तरांनी मांडीवर थाप मारली. लेख नावानिशी छापून आला.

देवकाबाईंनी नवऱ्याच्या तोंडून तो पूर्ण ऐकला. मग गहू निवडता निवडता एवढंच विचारलं, "पुढच्या महिन्यात आपल्याच पोराचं लगन हाये, हे ध्यानात हाये ना?"

रूपराव म्हणाले, ध्यानात आहे म्हणूनच लिहिलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, त्यातले आपण नव्हे. माणूस मोठ्या ऐटीत होता.

पण साप्ताहिक हिंगणीलाही जात होतं, आणि पोराचे होणारे सासरे, म्हणजे रूपरावांचे व्याही, इकडच्या बोलीत ईवाई, बबनराव हिंगणीचेच. लग्नाच्या दिवशी वऱ्हाडाचा ट्रक गावात शिरला तेव्हा सामोरं यायला बँड नव्हता. बँडवाले जेवायला बसले होते. जानोसा, म्हणजे वऱ्हाडाचा मुक्काम, शाळेत दिला होता, तिथल्या रांजणात पाणी नव्हतं. रूपरावांसाठी खाट टाकलेली होती, पण ते टेकणार तेवढ्यात एकाने येऊन तिच्यावरची गादी काढून नेली. मग चहा आला. बिनसाखरेचा! कपभर कडू काढा. चहा देणारा मात्र मोठ्या उत्सुकतेने तोंडाकडे बघत उभा राहिला, आणि खिडकीबाहेरही माणसं जमली.

रूपरावांच्या नाकपुड्या फुगल्या. पण आपलं छापील वाक्य आठवलं आणि कप बाजूला ठेवून ते हसले. पंगतीत त्यांना ढोल वाजवणाऱ्याशेजारी बसवलं, तेव्हाही हसले. हसून हसून गालफडं दुखायला लागली.

"एकडाव रुसा ना," देवकाबाई हळूच म्हणाल्या. "थोडंसंक."

"नाव छापून आलं हाये," रूपराव दात न उघडता म्हणाले.

लग्न लागायची वेळ झाली. नवरदेव पाटावर उभा, नवरी नलू तयार, आणि बबनरावांचा पत्ता नाही. शोधलं तर ते गोठ्यामागे पाठ फिरवून बसलेले. नवरीचा बाप रुसला होता! असं हिंगणीत कधी घडलं नव्हतं. रूपराव धावत गेले आणि काय चुकलं म्हणून हात जोडून विचारू लागले.

"काय चुकलं?" बबनराव तोंड न फिरवताच म्हणाले. "माह्या भावाचा ईवाई असा रुसला होता, का सारं गाव मनवाले गेलतं. तुमचा लेख वाचला. म्हटलं, हा मानूस रुसत नाई का काय. म्हणून बँड थांबवला, गादी काढली, चहातली साखर काढली. तरी तुमी हासूनच राह्यले. गाव म्हनते, पोरात काही खोट असन, म्हणून बाप गुमान हाये. तुमच्यासाठी जरीचा फेटा आनून ठेवला होता, तो पेटीतच राह्यला."

रूपराव पेचात सापडले. लेख सांभाळावा तर सून हातची जाते. पाहुणे म्हणून आलेल्या मास्तरांकडे त्यांनी बघितलं. मास्तर जिलबी खात होते. मत सोडायचं नाही, एवढं म्हणून त्यांनी दुसरी जिलबी उचलली.

"मत नका सोडू," मागोमाग आलेल्या देवकाबाई म्हणाल्या आणि सोबत आणलेला मघाचा थंड कप पुढे केला. "फक्त चहा फेका."

रूपरावांनी कपात बघितलं. चहा धुळीत ओतला आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

"ईवाई रुसला," अशी बातमी मांडवात पोचली आणि हिंगणीला आनंदाचं भरतं आलं. बबनराव टुणकन उठले. पेटी उघडली, बँड धावत आला, जाणती माणसं फेटा घेऊन विनवण्या करू लागली. आता खरं तर पहिल्या विनवणीला उठायचं. पण सकाळपासून गिळलेलं सगळं रूपरावांच्या घशाशी आलं, आणि ते गादीपासून सुरू झाले ते ढोलापर्यंत आले. बबनराव डोळे पुसत ऐकत होते. इतका वजनदार सोयरा गावाला मिळाला नव्हता. लग्न उशिरा लागलं, पण कोणी तक्रार केली नाही.

परतीच्या ट्रकमध्ये रूपरावांच्या डोक्यावर फेटा होता. मास्तरांनी मत लिहिण्याचा पुढचा धडा दिला, की विषय जरा लांबचा घ्यावा.

पुढच्या आठवड्यात रूपरावांनी 'इराण-इराकने आता समजुतीने घ्यावे' असा खणखणीत लेख लिहून देवकाबाईंना वाचून दाखवला.

"तिकडं हा पेपर जाते का?" त्यांनी विचारलं.

"नाई."

"मंग लिहा खुशाल."