मोबाइल कट

कोटांचं भलंमोठं गाठोडं दुकानाच्या पायरीवर येऊन आदळलं आणि टेलर मास्तरांच्या हातातली सुई काजातच अडकली. शाळेच्या मुलांसाठी शिवलेले नवे कोरे कोट आठवडाभरात परत आले होते. मागून वर चढतात, पुढून लोंबतात, कॉलर मानेला सोडून उभी राहते, अशी घरोघरची एकच तक्रार. "मोठ्या बाईंनी सांगितलंय, दुरुस्त करा, नाहीतर पुढच्या वर्षी काम दुसऱ्याकडे," शिपाई म्हणाला आणि निघून गेला. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका, आणि शाळेचं काम म्हणजे मास्तरांचं अख्खं दुकान. ते गेलं की उरणार तुटक्या चेना आणि आखूड करायच्या विजारी.

मास्तरांचं डोकंच फिरलं. "उभ्या जन्मात माझं माप चुकलं नाही! एकेकाला ताठ उभं करून टेप लावलीय मी!"

"तिथंच चुकलात," बायको म्हणाली. "ताठ उभं राहतंय कोण हल्ली? आपलीच बघा."

मास्तरांनी पाहिलं. त्यांची छकुली, जी आता उंचीने आईच्याही वर गेली होती, स्टुलावर बसून फोनमध्ये शिरली होती. पाठीची कमान, खांदे पुढे, हनुवटी छातीला टेकलेली. अंगातला कोट मागून वर, पुढून लोंबता, आणि कॉलरीत मूठ जाईल एवढी फट. मास्तरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खोट कोटात नव्हती, पोरांत होती. दुसरा एखादा बाप पोरीला सरळ करायला उठला असता. मास्तर कोट वाकडा करायला बसले.

"अहो, तिची मान दुखते रोज. डोकं ठणकतं, रात्री झोप नाही. डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय."

"दुखणारच. कॉलर नीट बसत नव्हती ना! आता बघ."

त्यांनी पाठ लांब केली, पुढचा भाग आखूड केला, कॉलर पुढे ओढली. कोट अंगावर असे बसले की पालक खूश. "आमचा मुलगा वाकलाय हे कळतसुद्धा नाही!" एका वडिलांनी हात जोडून सांगितलं, आणि त्याच आठवड्यात मुलाचा पोहण्याचा क्लास बंद केला. मास्तरांनी दुकानावर पाटी लावली, 'खास मोबाइल कट'. पाटीचा फोटो काढून साऱ्या ओळखीपाळखीत पाठवला आणि कौतुकाची उत्तरं वाचता वाचता चार हातांवर बसलेल्या छकुलीलाही मेसेज केला, 'जेवायला चल.' तिने तिथूनच 'हो' पाठवलं.

सगळं सुरळीत चाललं असतं. पण कवायतीच्या पहिल्याच फेरीत पोरं धापा टाकत खाली बसायला लागली आणि मोठ्या बाईंनी स्क्रीनमुक्त सप्ताह जाहीर केला. घरी, शाळेत, कुठेही फोन नाही. सगळे फोन शाळेच्या कपाटात, किल्ली बाईंच्या पर्समध्ये. कवायतीच्या सरांनी आठवडाभर घसा फोडला, "छाती पुढे! मान वर!" पोरं रडली, रुसली आणि शेवटी चक्क सरळ झाली. शेवटच्या दिवशी आरोग्य अधिकारी येणार होते, त्यांच्यासोबत सगळ्यांचा फोटो निघणार होता.

फोटोच्या तासाभर आधी मास्तरांना तातडीचं बोलावणं आलं. मैदानावर पोरं नऊ ओळींत ताठ उभी होती. पुढून कोट छातीवर चढलेले, मागून शेपटीसारखे लोंबणारे, आणि कॉलरी हनुवटीला टोचत होत्या. एकाचं बटण सुटून फोटोग्राफरच्या कपाळावर बसलं होतं.

"हे काय शिवलंयत?" बाई कडाडल्या.

"बाई, कोट बरोबर आहेत," मास्तर म्हणाले. "आज पोरं चुकीची उभी आहेत."

"पाहुणे फाटकापाशी आलेत, मास्तर. दोन मिनिटांत हे नीट दिसलं नाही तर तुमचं काम संपलं म्हणून समजा."

दोन मिनिटांत एक बाहीसुद्धा उसवून होत नाही. मग त्यांची नजर बाईंच्या पर्सवर गेली.

"बाई, कपाट उघडा. फक्त फोटोपुरतं."

बाईंनी इकडे तिकडे पाहिलं आणि किल्ली काढली. फोन वाटले गेले. ओळीमागून ओळ वाकत गेली, माना खाली आल्या, पाठी फुगल्या, आणि कोट सुरकुती न पडता जागच्या जागी बसले. कवायतीचे सर मटकन खाली बसले. पहिल्या ओळीचे हात दिसत होते, म्हणून त्यांच्यासमोर 'स्क्रीनमुक्त सप्ताह' लिहिलेला कापडी फलक धरला. अधिकारी आले. त्यांचं भाषण त्यांच्या फोनमध्ये होतं, त्यामुळे त्यांनीही मान वर केली नाही. "काय शिस्त आहे!" ते म्हणाले. मास्तरांचं काम वाचलं.

फोटो त्याच संध्याकाळी मोठा करून शाळेच्या दर्शनी भिंतीवर लागला. त्यात एकाही पोराचं तोंड नव्हतं, नुसत्या टाळक्यांच्या रांगा. तरी एकाही पालकाने कुरकुर केली नाही. "तो बघा आमचा, डावीकडे भांग!" "ती आमची, निळी पिन!" ज्याने त्याने आपलं पोर टाळूवरून बिनचूक ओळखलं.

"आपली कुठंय हो?" बायकोने विचारलं.

"ही काय! डोक्यावर दोन भोवरे." मास्तरांची छाती अभिमानाने फुगली. मग त्यांनी मान वळवली. छकुली शेजारीच उभी होती, आणि फोन पुन्हा कपाटात गेल्यामुळे मान वर करून फोटो बघत होती. मास्तर तिच्या तोंडाकडे बघतच राहिले.

"अगं, हिला चष्मा कधी लागला?" त्यांनी बायकोला हळूच विचारलं.

"झाले की सहा महिने. तिने तुम्हाला फोटोही पाठवला होता चष्म्याचा," बायको म्हणाली. "तुम्ही अंगठा दिला होतात."