आण्णांना चालवणारी समिती

यकृतातली गाठ काढल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, "आण्णा, रोज चाला, साधं खा आणि पुढच्या तपासणीला स्वतःच्या पायांनी या." शेवटची अट मला फार आवडली. आपल्याला ती जमेल का, ही शंका मात्र होतीच.

दुसऱ्या दिवशी बदलापुरातल्या आमच्या सोसायटीच्या गेटपर्यंत पोहोचलो, तोच सेक्रेटरी दिपेशने पकडलं.

"एकटेच? पडलात तर सोसायटीचं नाव खराब होईल ना!"

नाही म्हणणं मला जन्मात जमलेलं नाही. संध्याकाळी समिती स्थापन झाली. रुग्णाने समितीच्या सोबतीशिवाय चालू नये, असा ठराव झाला. समिती सकाळी जमे, चहा येई, चहाबरोबर वडे येत. वडे संपेपर्यंत ऊन चढे आणि उन्हात रुग्णाने चालू नये, असाही ठराव होताच.

"एक घ्या हो आण्णा," शेजारच्या उमाताई म्हणत. "डॉक्टरांना कोण सांगायला जातंय?"

"तपासणीचं मशीन सांगतं," मी म्हणे. पण तोंडात वडा असल्याने ते कुणाला कळत नसे.

भेटायला येणारा रिकाम्या हाताने येत नसे. माझी पत्नी द्रौपदी दुधीची भाजी करी. ती फ्रिजमध्ये पेढ्यांच्या डब्यांमागे दिसेनाशी होई.

बाहेर खड्डे, म्हणून समितीने पार्किंगच्या कडेने हिरवा पट्टा रंगवून घेतला. नाव 'आण्णा पथ'. उद्घाटनाआधी त्यावर पाय ठेवायला बंदी, विशेषतः आण्णांना. मी खुर्चीत बसून त्याच्याकडे बघत असे.

उद्घाटन नेमकं तपासणीच्या दिवशी आलं. मला हार घालून खुर्चीत बसवलं.

"आण्णांच्या चालण्याने आपण एकत्र आलो!" दिपेश माइकवर म्हणाला. टाळ्या झाल्या. जिलेबी आली. सगळी समिती तिकडे वळली.

"अहो, उठा," द्रौपदी कुजबुजली. "आता कुणाचं लक्ष नाही."

हारासकट गेटबाहेर पडलो. खड्डे चुकवत, धापा टाकत, पण स्वतःच्या पायांनी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात पोहोचलो.

"गाठ नाही," रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले. "पण यकृतावर चरबी चढलीय. खाता तरी काय?"

"सत्कार," मी म्हणालो.

परतलो तर समिती गेटवर उभी. "आण्णा चालले!" दिपेशने मिठी मारली. आनंदाप्रीत्यर्थ रविवारी श्रीखंड-पुरीचा ठराव तिथेच मंजूर झाला. एकमताने. विरोधात हात वर करायचा माझा विचार होता, पण हातात जिलेबी दिली होती.

एवढं वाचून तुम्हालाही माझी कणव आली असेल. भेटायला यावंसं वाटत असेल. जरूर या. फक्त ती पिशवी घरीच ठेवा.

हो, तीच. पाठीमागे लपवलीत ती.