एकोणऐंशी, सत्त्याऐंशी आणि सासूबाईंचे गुडघे

जीपच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये! हापिसाच्या जीपमध्ये मागच्या बाकड्यावर बसून अर्धा परभणी जिल्हा फिरलोय मी. नुसत्या आवाजावरून गाडीचं साल सांगतो! म्हणून तर एक्याण्णव साली पालमजवळच्या सासुरवाडीहून निरोप आला, "जुनी जीप घ्यायचीय, पोळ्याला या आन् पारखून द्या." मी छाती फुगवून आमच्या हिला म्हणालो, "बघ सत्यशीला, तुझ्या वडिलांनी माणूस बरोबर निवडला!"

"दुसरं कोणी मोकळं नसंल," ती म्हणाली.

जीप हवी होती ती सासूबाईंसाठी. त्यांचे, म्हणजे आमच्या सुलामामींचे, गुडघे पार गेलेले आणि माहेर कुठं, तर येलदरीला! पालमहून परभणी, परभणीहून जिंतूर, जिंतूरहून येलदरी. दर ठिकाणी एस.टी.ची ती उंच पायरी चढायची म्हणजे त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. कित्येक सालं त्यांनी भावाचं दार बघितलं नव्हतं. आता पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भावाच्या नातवाचं बारसं होतं. मामींनी बाळासाठी कुंची शिवली होती, ती हातात धरून सगळ्यांना दाखवायच्या. "औंदा मी जाणार म्हंजे जाणार!"

पोळा म्हणजे अमावास्या. त्यामुळं सौदा दुसऱ्या दिवशी उजाडताच, आज फक्त पारख. पण पसंती आजच व्हायला हवी होती, नाहीतर बारसं हुकलंच म्हणायचं.

दारात दोन जीपा येऊन थांबल्या. एक पालमच्या मुंजाजीची, मॉडेल एकोणऐंशी. दुसरी गंगाखेडच्या पंडितची, मॉडेल सत्त्याऐंशी. दोन्ही सुरू करायला लावल्या. एकीच्या बॉनेटला कान लावून मी डोळे मिटले.

"ही एकोणऐंशी!"

"सायेब, ही माझी. सत्त्याऐंशीची हाय," पंडित म्हणाला.

"मग ती एकोणऐंशी!" मी लगेच दुसरीकडं बोट केलं. "बघा मामा, चुकलो का?"

सासरे किशनराव पुढं झाले. त्यांनी मुंजाजीच्या जीपवर थाप मारली. "आवाज सोडा. पत्रा बघा ह्या एकोणऐंशीचा! लय जाड!"

"मामा, पत्रा काय भाजीत घालायचाय? सत्त्याऐंशीच्या इंजनाचा दम बघा!"

"आवं, पायरी कोणाची खाली हाय, ते बघा की!" मामी ओट्यावरून ओरडल्या.

"मामी, पायरीचं काय घेऊन बसलात! ती सगळ्या सालांत सारखीच!" मी त्यांना उडवून लावलं आणि जाहीर केलं, "रिकामी गाडी कुणीबी पळवतं. घरच्या माणसांनी भरायची, चिखलात घालायची, मग साल बोलतं!"

पाट ठेवला, त्यावर स्टूल ठेवलं, सत्यशीलानं मागून रेटा दिला आणि मामी एकदाच्या सत्त्याऐंशीत पुढं बसल्या. मागं मामा, सत्यशीला आणि काळजीत पडलेला पंडित. स्टिअरिंगवर मी!

"तुमाला चालवायला येतंय का?" सत्यशीलानं विचारलं.

"रोज बघतो की!"

"सायेब, परवा पाऊस झालाय," पंडित कळवळला. "वढ्याकडं नका घालू!"

"फोर व्हील हाय ना? मग गप बस!"

आमची काळी माती तुम्हाला ठाऊक आहे. चप्पल गिळते आणि ढेकर देत नाही! मी जितकी रेस दिली, तितकी जीप खाली गेली. चाकं अर्धी बुडाली. तेवढ्यात आपली जीप घेऊन मागोमाग आलेला मुंजाजी खुशीत आला. "आता बघा एकोणऐंशी काय असती ती!" आम्हाला ओढून काढायला तो शेजारी आला आणि शेजारीच रुतला. दोन्ही मॉडेलं बरोबरीत सुटली.

इतक्यात हलगी वाजत आली. गावचे बैल मारुतीकडं निघाले होते. पुढंच मामांची जोडी! शिंगांना बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळा.

"मामा, देव पावला!" मी ओरडलो. "बैल आले! जुंपा की!"

हलगी थांबली. सगळं गाव माझ्याकडं बघायला लागलं. मामा जीपमधून चिखलात उतरले.

"काय बोललात? आज पोळा हाय! काल हळद-तुपानं खांदे मळून आवतण दिलंय त्यांना. 'आज आवतण घ्या, उद्या जेवाया या.' जेवाया आलेल्या पाव्हण्याला कोणी जुंपतंय व्हय?"

"पण मामा, पाव्हणा तर मीबी हाय!"

"तुमी कशाचे पाव्हणे? तुमी घरचेच!" असं म्हणून मामांनी चऱ्हाट माझ्या खांद्यावर टाकलं.

नवी पांढरी पँट होती हो माझी! एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला पंडित, मागून मुंजाजीचा रेटा. बैल बांधावर उभे राहून आमच्याकडं बघत निवांत रवंथ करत होते. आणि आत बसलेल्या मामींना काय जोर चढला! "हैऽक! जावई, खांदा द्या! डाव्या अंगाचा ढिला पडायलाय!"

डाव्या अंगाला मीच होतो. गाव पोट धरून हसत होतं. जीप मात्र हलली नाही.

शेवटी मामी म्हणाल्या, "थांबा, माझं वझं तरी उतरवते." त्यांनी भीतभीत पाय बाहेर काढला. जीप एवढी खाली बसली होती की पाय थेट जमिनीला टेकला. दुसराही टेकला. मामी कुणाचा हात न धरता उतरल्या! क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग वळल्या आणि आपल्या आपण परत चढून बसल्या. पुन्हा उतरल्या, पुन्हा चढल्या.

"अगं बाई! चढाय येतंय की मला!" त्या हसायला लागल्या आणि हसता हसताच डोळ्यांना पदर लावला. "कवापासून सांगायले, पायरी बघा, पायरी बघा! हीच घ्या. साल काय का असंना!"

मामांनी वाकून पायरी बघितली. मीही बघितली. एवढी साधी गोष्ट आम्हा दोन शहाण्यांना ऐकू आली नव्हती, याची खरंच लाज वाटली.

मग हलगीवाल्यांसकट सगळ्या गावानं हात लावला आणि दोन्ही जीपा बाहेर काढल्या. संध्याकाळी मामांनी युक्ती काढली. दारापुढं दोन चर खोदायचे, जीपची चाकं त्यात उतरवायची, की पायरी आली खाली! चर कुणी खोदले, ते विचारू नका.

जेवणं झाल्यावर माझे खांदे वर उचलेनात. सत्यशीला वाटीत हळद आणि गरम तूप घेऊन आली आणि खांदे मळता मळता गालात हसत म्हणाली, "आज आवतण घ्या..."

"उद्या जेवाया या, ना?" मी खूश होऊन विचारलं.

"उद्या येलदरीला चला. कुदळ घेऊन. तिथं चर कोण खांदणार?"

दुसऱ्या दिवशी उजाडताच सौदा झाला. मामी कुंची मांडीवर घेऊन पुढं बसल्या, स्टिअरिंगवर पंडित आणि मी कुदळ-फावडं सांभाळत मागच्या बाकड्यावर. येलदरीला जीप थांबली, तेव्हा आतून पाळण्याचा आवाज येत होता. मामींचा भाऊ धावत बाहेर आला आणि बहिणीला बघून तिथंच रडायला लागला.

मग डोळे पुसून कौतुकानं मला म्हणाला, "झ्याक गाडी पारखली, जावई! कोणत्या सालची?"

मी छाती फुगवली. "त्याचं असं आहे, नुसत्या आवाजावरून..."

"ते मागून सांगा," मामी पुढून म्हणाल्या. "आदी खांदा. बाळ झोपंल!"

मी मुकाट्यानं कुदळ उचलली.